देवनगरींतील एक शनिवार

इ. स. २०२५ च्या जानेवारींत, म्हणजे आपल्या पौषांत, आम्ही व सौभाग्यवती बँकॉक येथें चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं तीन आठवडे राहून आलों. चिरंजीव नोकरीनिमित्त सात वर्षांपूर्वीं तिकडे गेले. सूनबाईहि तेथेंच एका कचेरींत काम करतात. आणि नातू, जो जातेवेळीं दोन वर्षांचा होता, तो आतां नऊ वर्षांचा असून तेथील शाळेंत जातो. बँकॉक शहरावर लिहिण्यासारखें पुष्कळ आहे, व तें लिहिणारेहि पुष्कळ आहेत. आम्ही येथें एकाच दिवसाची हकीकत सांगणार आहों.

निघतेवेळीं आमच्या मनांत एक बेत पक्का झालेला होता. तो वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. नातवाचें मराठी दिवसेंदिवस तुटक होत चाललें होतें. दूरध्वनीवर आम्हीं दहा वाक्यें बोलावीं, तर तिकडून 'हो', 'नाहीं' आणि 'मी बरा आहे' एवढेंच परत यावें. आजीशीं बोलण्याचा प्रसंग आला कीं तो लाजून यंत्र आईच्या हातीं देई. ज्या घरांत तीन पिढ्या संस्कृताचें अध्यापन झालें, त्या घरच्या मुलास आजीशीं दोन वाक्यें बोलतां येऊं नयेत, हें आमच्या जिवास लागलें होतें. यास्तव पुढील जूनपासून त्यास वाईस आमच्याजवळ ठेवावें, पांच-सहा वर्षें तेथील शाळेंत घालावें, असें चिरंजीवांस समक्ष सांगावयाचें आम्हीं ठरविलें होतें. सौभाग्यवतींस हा बेत ठाऊक होता. त्यांनीं होकारहि दिला नव्हता व नकारहि दिला नव्हता. विमानांत बसल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "गेल्या गेल्या तो विषय काढूं नका हो. पोराला आधीं डोळे भरून बघूं तरी द्या."

आतां थोडें आमच्या अहंकाराविषयीं. तेथील विमानतळाचें नांवच मुळीं 'सुवर्णभूमि'. २००६ सालीं सुरू झालेल्या या विमानतळावर समुद्रमंथनाचें प्रचंड रंगीत शिल्प मांडलेलें आहे. वासुकीस एकीकडून देव व दुसरीकडून असुर ओढीत आहेत, मध्यें कूर्माच्या पाठीवर पर्वत आणि वर विष्णु. प्रवासी आपल्या पेट्या ढकलीत त्याच्यासमोरून जातात व बहुतेकांचें तिकडे लक्षहि नसतें. आम्ही मात्र तेथें छाती काढून उभे राहिलों. शहराचें नांव तर पुसूंच नका. 'बँकॉक' हें परकीयांच्या तोंडचें; तेथील लोक शहरास 'क्रुंगथेप' म्हणतात, आणि हा 'थेप' म्हणजे आपला 'देव'. पूर्ण नांव एवढें लांब आहे कीं, जगांतील सर्वांत लांब स्थलनाम म्हणून त्याची गणना होते. चिरंजीवांनीं तें लिहून दिलें आणि आम्ही पदच्छेद करावयास बसलों: देवमहानगर, अमररत्नकोसिंद्र, नवरत्नराजधानी, उत्तमराजनिवेशन, अमरविमान, आणि शेवटीं शक्रानें दिलेलें व विष्णुकर्म्यानें, म्हणजे आपल्या विश्वकर्म्यानें, सिद्ध केलेलें असें तें नगर. आरंभींचा 'क्रुंग' शब्द सोडला तर जवळजवळ सारें नांव संस्कृत-पालींतलें! "अरे, हें सगळें आपलेंच आहे," असें आम्हीं न्याहारीच्या वेळीं मोठ्यानें जाहीर केलें. चिरंजीव हंसले. नातवानें ताटांतून डोळे वर केले नाहींत.

शहर पाहण्यासाठीं शनिवार ठरला. चाळीस वर्षें घंटेवर जगलेल्या मनुष्यास वेळापत्रकाशिवाय चैन पडत नाहीं. आम्हीं आदल्या रात्रींच एक कागद तयार केला. साडेआठास राजवाडा व त्यांतील पाचूच्या बुद्धाचें मंदिर, अकरास 'देवस्थान', बारास भोजन, त्यानंतर वात फो, नदी ओलांडून वात अरुण. यांतील देवस्थानावर आमचें खरें मन होतें. १७८४ सालीं बांधलेल्या या देवळांत शिव, गणेश व नारायण यांचीं तीन मंदिरें शेजारींशेजारीं आहेत, आणि राजघराण्याच्या ब्राह्मण पुरोहितांचें तें ठिकाण आहे. शिखा राखलेले, शुभ्र वस्त्रांतले हे ब्राह्मण बौद्ध राजाच्या पदरीं आजहि आहेत. २०१९ सालच्या राज्याभिषेकांत त्यांनीं भाग घेतला होता; मे महिन्यांतील राजकीय नांगरणीचा विधिहि तेच चालवितात. यांचे पूर्वज दक्षिण हिंदुस्थानांतून गेले असें मानतात. त्यांपैकीं एखाद्याशीं संस्कृतांत चार वाक्यें बोलावीं अशी आमची फार इच्छा होती. तीं वाक्यें आम्हीं वाईसच तयार करून घोकूनहि ठेविलीं होतीं.

सकाळीं भुयारी रेल्वेनें 'सनाम चाय' स्थानकास उतरलों. तें २०१९ सालीं सुरू झालें असून राजवाड्याच्या दिवाणखान्याप्रमाणें नक्षीदार खांबांनीं सजविलेलें आहे. वर येऊन चालूं लागतों तों एक सभ्य दिसणारा गृहस्थ आडवा आला. कांहीं समारंभामुळें राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोंवर थोडक्या पैशांत तीनचाकी गाडीनें दुसरीं देवळें दाखवितों, असें तो इंग्रजींत म्हणूं लागला. सूनबाईंनीं त्यास थाई भाषेंत हंसत हंसत कांहीं सांगितलें. तो हात जोडून नाहींसा झाला. तिकडे जाणाऱ्यांनीं ही युक्ति ध्यानांत ठेवावी, आणि राजवाडा उघडा आहे कीं बंद हें दारापर्यंत जाऊनच पाहावें.

दाराशीं गर्दी होती. आमचें धोतर व सौभाग्यवतींचें लुगडें पहारेकऱ्यांच्या नियमांत चांगलेंच बसलें. पुढच्या एका गोऱ्या तरुणास मात्र अर्ध्या विजारीमुळें परत जावें लागलें. परदेशीयांस पांचशें बात फी, तेथील नागरिकांस मोफत. चिरंजीव तिकिटें काढीत असतां नातू त्या महाद्वाराची पाटी पुटपुटत होता: "विसेत... चाय... सी."

आम्हीं सहज पुसलें, "काय लिहिलें आहे तें नीट, एकेक अक्षर करून वाच पाहूं."

थाई वर्णमालेंत ४४ व्यंजनें आहेत. त्यांचा क्रम आपल्या क-ख-ग प्रमाणेंच कंठ, तालु असा चालतो. आणि आपण 'ग गणपतीचा' म्हणून शिकवितों तसें तेथें प्रत्येक अक्षरास एक शब्द कायमचा बांधलेला असतो. नातू म्हणूं लागला तीं अक्षरें 'साला'चा स, 'रुसी'चा स. मध्येंच थांबून तो कुरकुरला, "आजोबा, 'स' चार आहेत. सगळे सेम वाटतात. मी चुकतो, मग टीचर मार्क कापते."

"साला म्हणजे काय रे?"

"बसायचं घर. बाजूनं उघडं."

"आणि रुसी?"

"दाढीवाला बाबा. जंगलमधला."

वाचकहो, आमच्या डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखें झालें. शाला आणि ऋषि! शालेचा श, ऋषीचा ष. राहिलेला एक आपला साधा स. त्यास ते 'सुआ' म्हणजे वाघ जोडतात. चौथें अक्षर त्यांनीं स्वतःच्या भाषेकरितां केलेलें. थाई जिव्हेनें श-ष-स यांचा भेद केव्हांच टाकून दिला, पण लेखणीनें तो जपून ठेविला. पाटीवरील पहिला शब्द श आणि ष यांनीं लिहिलेला 'विशेष' होता. शब्दाच्या शेवटीं आलेल्या ष चा उच्चार ते त् करतात, म्हणून तो 'विसेत' ऐकूं येतो. विशेषजयश्री! आम्हीं नातवाचा तळहात घेऊन त्यावर बोटानें श, ष, स काढून दाखविले आणि तिघांची मुखांतील जागा सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "मग 'सी' मध्यें सालावाला स हवा. आहेच!" श्री मध्यें तालव्य श असतो हें त्यानें आपलें आपण काढलें. आमच्या हाताखालून जी शेंकडों मुलें गेलीं त्यांपैकीं हें किती जणांस साधलें, याचा हिशेब आम्ही करीत नाहीं.

त्यानंतर तो दर पाटीपाशीं थबकूं लागला. तो उच्चार करी, आम्ही अर्थ शोधूं. बँकेस 'थनाखान', म्हणजे धनागार. टेलिफोनास 'थोरसप', म्हणजे दूरशब्द. आणि टेलिव्हिजनास 'थोरथत', म्हणजे चक्क आपलें दूरदर्शन. जें अक्षर लिहावयाचें पण बोलावयाचें नाहीं त्याच्या डोक्यावर ते एक लहानसें चिन्ह देतात. त्याचें नांव 'थन्थखात', म्हणजे दण्डघात. बिचाऱ्या अक्षराच्या डोक्यांत काठी घातली कीं तें गप्प! हें ऐकून नातू एवढा हंसला कीं लोक वळून पाहूं लागले.

पाचूच्या बुद्धाचें दर्शन घेतलें. मूर्ति हिरव्या पाषाणाची, उंची अवघी ६६ सेंटिमीटर, पण उंच सिंहासनावर असल्यामुळें पाहणाऱ्याची मान वर होते. उन्हाळा, पावसाळा व हिंवाळा असे तिचे तीन सुवर्णवेष असून ते ऋतु पालटतांना स्वतः राजा बदलतो. आम्ही गेलों तेव्हां हिंवाळी वेष होता. बाहेर ऊन असें कीं आमच्या चैत्रानें लाजावें. देवाची थंडी व भक्तांची थंडी निराळी असते, हें आपल्याकडेहि आहेच.

आतां ओवरीकडे वळूं. मंदिराच्या सभोंवार जी लांब ओवरी आहे तिच्या भिंतींवर रामकथेचीं १७८ चित्रें आहेत. १७६७ सालीं ब्रह्मदेशच्या सैन्यानें 'अयुथया' ही जुनी राजधानी जाळली; तींत ग्रंथसंपत्तीहि पुष्कळ गेली. पुढें १७८२ सालीं बँकॉक वसविणाऱ्या राजानें कवि जमवून रामकथा पुन्हां सबंध रचविली. त्या ग्रंथाचें नांव 'रामकियन', म्हणजे रामकीर्ति. चित्रांची कल्पना त्याच राजाची. दमट हवेमुळें तीं वेळोवेळीं नव्यानें रंगवावीं लागलीं आहेत, आणि १९८२ सालीं शहराच्या द्विशताब्दीनिमित्त सर्व मंदिराचा जीर्णोद्धार झाला. सोन्याच्या वर्खानें राजे व रथ असे उठविलेले आहेत कीं सांवलींतहि चमकतात. आणि लढाईच्या एका कोपऱ्यांत मात्र कोणी शिपाई भात शिजवीत बसलेला दिसतो. राम हिरव्या अंगाचा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढराशुभ्र. रावणास ते 'थोत्सकान' म्हणतात, म्हणजे दशकंठ.

चित्रमाला उत्तरेकडून, जनकाच्या नांगरापासून सुरू होते. आमच्या अंगांत मास्तर संचरला. सीता म्हणजे नांगराचा चर, म्हणून तिचें हें नांव, वगैरे आम्ही सांगूं लागलों. नातू मध्येंच म्हणाला, "पण आजोबा, ती थोत्सकानची मुलगी आहे."

"चूक," आम्ही म्हणालों.

"बाबा, इथें तसंच आहे," चिरंजीव हळूच म्हणाले. "मुलगी कुळाचा नाश करील असं भविष्य निघालं, म्हणून तिला पात्रांत घालून नदींत सोडलं; ती जनकाला सांपडली."

मग आठवलें. 'अद्भुत रामायणां'त सीता मंदोदरीच्या पोटची आहे, आणि गुणभद्राच्या जैन 'उत्तरपुराणां'त तर ती रावणाचीच कन्या आहे. 'चूक' हा शब्द आम्हीं परत घेतला. अर्थात् मनांतल्या मनांत.

सेतुबंधापाशीं मात्र खरा प्रसंग आला. समुद्रांत वानर शिळा टाकीत आहेत, माशांच्या झुंडी त्या ओढून नेत आहेत, आणि त्यांची राणी, कमरेखालीं सोनेरी मासोळी अशी एक सुंदरी, हनुमंताच्या पुढें. नातू आजीचा हात धरून म्हणाला, "आजी, ही सुवन्नमच्छा. हनुमानचा बायको."

सौभाग्यवतींचें माहेर मसूरचें. समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक तेथें आहे. शनिवारीं मारुतिस्तोत्र म्हटल्याशिवाय त्या तोंडांत पाणी घालीत नाहींत, आणि तो दिवस शनिवारच होता. त्यांचा चेहरा पाहून सूनबाईहि गोंधळल्या. आम्हीं घसा साफ केला. "हें पाहा, वाल्मीकींत हनुमंताच्या ब्रह्मचर्याविषयीं..." अशी सुरुवात केली. पण सौभाग्यवती चित्राजवळ गेल्या, निरखून पाहिलें, आणि नातवास विचारलें, "मूलबाळ काय रे त्यांना?"

"मच्छानु. तो माकड आहे, पण शेपूट माशाचं."

"अगबाई!" त्या म्हणाल्या. "म्हणजे मकरध्वज कीं हा!"

आणि तेथेंच, त्या गर्दींत, त्यांनीं गोष्ट सुरू केली. लंका जाळून मारुतिराय समुद्रांत शेपूट विझवायला उतरले. अंगाला घाम आलेला. त्याचा एक थेंब मगरीनें गिळला, आणि तिला झाला तो मकरध्वज. "बायको-बियको कांहीं नाहीं हो, नुसता घाम," असें त्यांनीं चित्राकडे पाहून बजावलें. मग विचारलें, "आणि हा तुमचा मच्छानु करतो काय? पाताळाच्या दाराशीं पहाऱ्यावर असतो ना? आणि बापाशींच लढतो?"

नातवाचे डोळे विस्फारले. "आजी, तुला कसं माहीत? तूं थाई शिकलीस?"

आम्हीं घड्याळ पाहिलें. साडेदहा झाले होते. ते दोघे पुढें निघाले होते. महिरावणाचें चित्र शोधावयाचें होतें; त्यास तेथें 'मैयराप' म्हणतात. सौभाग्यवतींचे गुडघे गेलीं पांच वर्षें दुखतात, घरीं देवघरापासून ओट्यापर्यंत जातांना त्या दोनदां भिंतीस हात लावतात. येथें त्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चित्रामागून चित्र मागें टाकीत चालल्या होत्या. तेव्हां चिरंजीव आमच्याजवळ येऊन म्हणाले, "अहि-महीची ही गोष्ट आईनं मला लहानपणीं सांगितली होती. पाताळाच्या दारापर्यंत आली होती. तुम्ही आंतून आलांत आणि म्हणालांत, हें मुळांत नाहीं, भलतंसलतं पोराच्या डोक्यांत भरवूं नकोस. पुढचं राहून गेलं."

हें ते रागानें म्हणाले नाहींत. आम्हांस तो प्रसंग आठवतहि नाहीं. पण आम्ही तसें म्हणालों असूं यांत संशय नाहीं. 'मुळांत नाहीं' हे शब्द आम्हीं जन्मभर वापरले. वाल्मीकीच्या संहितेंत ही कथा नाहीं हें आजहि खरेंच आहे. परंतु वाल्मीकीचा श्लोक ज्या भिंतीवर एकहि नाहीं, त्या भिंतीवर मसूरच्या माजघरांतली गोष्ट होती. आणि ती ओळखण्यास आमचें व्याकरण कामास आलें नव्हतें.

चित्र सांपडलें. हनुमंतानें अफाट रूप धरून रामाचा सबंध मंडपच तोंडांत धरला आहे, आणि मैयराप झोपेचें चूर्ण फुंकीत आहे. "आमच्यांत शेपटीचं वेटोळं घालून कोट करतो," सौभाग्यवती म्हणाल्या. "दोन्ही केलं असेल," नातवानें निवाडा दिला, "मोठा राक्षस होता ना." पुढें कमळाच्या देंठांतून पाताळाची वाट. तेथें मच्छानु पित्याशीं लढतो, ओळख पटते. पण ज्यानें वाढविलें त्या मैयरापाशीं बेइमानी करवत नाहीं, म्हणून तो वाट उघड सांगत नाहीं, कोड्यांत सुचवितो. हें नातवानें आपल्या मोडक्या मराठींत, हातवारे करून सांगितलें. शब्द अडला कीं आई पुरवी. सौभाग्यवतींस तें फार आवडलें. "शहाणं पोर हो. आमचा मकरध्वज सरळ शेपटीनं बांधला जातो, आणि मग प्रभु त्याला पाताळाचं राज्य देतात." गोष्टीचा शेवट झाला तेव्हां चिरंजीवहि शेजारीं उभे राहून ऐकत होते.

घड्याळांत पावणेबारा झाले होते. आम्हीं कागद घडी करून खिशांत ठेविला.

भोजनाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण आपल्या लोकांस परदेशीं पहिली काळजी तीच. तेथील पुष्कळ पदार्थांत माशाच्या अर्काचें पाणी असतें, त्यामुळें 'भाजी' म्हटल्यानें भागत नाहीं. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत 'चे' लिहिलेलें दुकान पाहावें. हा चिनी बौद्धांचा आहार असून त्यांत मांसमत्स्य तर नाहींच, कांदा-लसूणहि नाहीं. चातुर्मास पाळणाऱ्यांनीं निःशंक जावें. साध्या शाकाहारास थाई शब्द 'मांगसविरत'. नातवानें तो उच्चारला मात्र, आणि आमच्याकडे पाहून वाट पाहूं लागला. "मांसविरति!" आम्ही म्हणालों, आणि त्यानें टाळी दिली. दुकानांत दिनदर्शिका टांगली होती: महिना 'मकराखोम', साल बुद्धशकाचें २५६८. तेथें महिन्यांस राशींचीं नांवें आहेत. एकतीस दिवसांच्या महिन्यास 'आगम' व तीस दिवसांच्यास 'आयन' जोडतात, तेव्हां कोणत्या महिन्याचे किती दिवस हें मुठीच्या उंचवट्यांवर मोजावें लागत नाहीं. १८८९ सालीं ही योजना सुरू झाली. मकरागम म्हटल्यावर संक्रांत आलीच. सौभाग्यवतींनीं पिशवींतून तिळगूळ काढून दुकानदारणीच्या हातावर ठेविला. तिनें दोन्ही हात जोडून घेतला व आंब्याबरोबर नारळाच्या दुधांतला गोड चिकट भात आणून दिला. नारळीभाताची ही मावसबहीण उत्तम लागते.

वात फो येथील निद्रिस्त बुद्ध ४६ मीटर लांब व १५ मीटर उंच आहे. तळव्यांवर शिंपल्यांच्या कामांत १०८ मंगलचिन्हें आहेत, आणि पाठीमागें १०८ पितळी पात्रांत लोक एकेक नाणें टाकीत जातात, त्याचा नाद सारखा चालू असतो. याच आवारांत वैद्यक व इतर विद्यांचे शिलालेख असून युनेस्कोनें त्यांस जागतिक स्मृतिपटांत स्थान दिलें आहे. आम्हांस विशेष गंमत वाटली ती आसनें करीत बसलेल्या ऋषींच्या मूर्तींची. "रुसीवाला स!" असें नातू दुरूनच ओरडला. एरवीं आम्ही फार थकलों होतों, व पुष्कळ पाहावयाचें राहिलें.

सायंकाळीं होडीनें चाओ फ्रया ओलांडली. नदी रुंद, पाणी गढूळ, आणि मालाच्या तराफ्यांची रहदारी एवढी कीं आमच्या कृष्णामाईच्या घाटावर बसून वाढलेल्या डोळ्यांस ती नदी न वाटतां बाजारपेठ वाटावी. पैलतीरीं वात अरुण, म्हणजे अरुणाचें मंदिर. त्याचें शिखर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनीं मढविलेलें आहे. पायऱ्या शिडीसारख्या उभ्या. तेव्हां चिरंजीव, सूनबाई व नातू वर चढले, आणि आम्ही दोघे खालीं एका कट्ट्यावर बसलों. भोंवतीं तरुण मुली भाड्यानें जुना थाई पोशाख नेसून छायाचित्रें काढून घेत होत्या. "अहो, कासोटा!" सौभाग्यवती म्हणाल्या. खरेंच, तें वस्त्र दोन पायांमधून मागें खोंचलेलें होतें. एकीचा कासोटा सैल झाला होता; त्या उठून गेल्या आणि दोन घड्या घालून तो नीट बसवून आल्या. दोघींपैकीं कोणासहि दुसरीचा एक शब्द कळला नाहीं.

परत येऊन बसल्यावर त्यांनीं विचारलें, "आज रात्रीं काढणार आहांत का विषय?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. वर, पहिल्या सज्जावर, नातू हात हालवीत होता.

"जूनमध्यें तो वाईला आला, तर इथलं विसरेल," त्या म्हणाल्या. "ही अक्षरं विसरेल. मग पाटी कोण वाचणार तुम्हांला?"

"आणि मराठी?"

"मी शनिवारीं शनिवारीं दूरध्वनीवर गोष्ट सांगीन. पुष्कळ आहेत माझ्याजवळ." मग थांबून, किंचित हंसून त्या म्हणाल्या, "मुळांत नसलेल्या."

रात्रीं भाड्याच्या मोटारींतून परततांना चिरंजीवांनीं बोट करून दाखविलें: रस्त्याच्या मध्यें सागाचे दोन प्रचंड तांबडे खांब. हा तेथील प्रसिद्ध झोका. पूर्वीं शिवाच्या उत्सवांत धाडसी पुरुष त्यावर उंच झोके घेऊन टांगलेली पैशांची थैली दातांनीं पकडीत. १९३५ सालीं तो विधि बंद झाला, आणि हल्लींचे खांब २००७ सालीं नवे उभारले आहेत. देवस्थान अगदीं जवळच आहे. दार बंद झालेलें होतें. घोकलेलीं चार वाक्यें तशींच राहिलीं.

तो विषय त्या रात्रीं निघाला नाहीं. पुढील दोन आठवड्यांतहि निघाला नाहीं. घरीं आल्यावर नातू आमची वही व पेन्सिल घेऊन कोपऱ्यांत बसला. निजण्यापूर्वीं त्यानें पान दाखविलें. वर तीन थाई अक्षरें व प्रत्येकाच्या खालीं आमच्यासारखे श, ष, स. आणि त्याखालीं, रेघ सोडून उतरत गेलेल्या देवनागरींत, 'मकरधवज'. आम्हीं ध् चा पाय मोडून दिला. सवय जात नाहीं.